जुनी उपकरणं, नवा संगणक: खोबण, बोली आणि दुभाष्या



विषयाचं नाव वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा प्रिंटरच्या केबलशी काय संबंध? संबंध आहे, तो पुढे येईलच.

मीरा रोडला काय, भाईंदरला काय, आपली घरं लहान. तरी माळ्यावर एक खोकं असतंच. त्यात जुना कीबोर्ड, माऊस, एखादा स्कॅनर, वेटोळं केलेल्या केबली, फ्लॉपींचा डबा. आणि खाली टेबलावर नवा संगणक. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबला, त्यामुळे बऱ्याच जणांनी गेल्या काही काळात नवा संगणक घेतला असेल. मग एक दिवस आपण जुना प्रिंटर खाली काढतो, दुकानात विचारतो आणि उत्तर मिळतं, "काका, हे आता चालत नाही. नवीन घ्या."

या "चालत नाही"चं पृथक्करण मला आज करायचं आहे. कारण गंमत अशी, की वस्तू बहुतेक वेळा ठणठणीत असते. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबली जाते, प्रिंटरचं डोकं हलतं, स्कॅनरचा दिवा लागतो. नवा संगणक तर नवाच आहे. म्हणजे बिघाड यातही नाही आणि त्यातही नाही. तो आहे दोघांमधल्या संबंधात. आणि संबंध कुठे तुटला हे न बघता वस्तू फेकणं म्हणजे दोन माणसांची भाषा जुळत नाही म्हणून त्यातल्या एकाला मुका ठरवण्यासारखं आहे.

आपल्या नैयायिकांनी हाच प्रश्न शब्दांबद्दल विचारला होता. शब्द माहितीतले आहेत, तरी ते एकत्र आल्यावर कधी अर्थ होतो, कधी होत नाही. असं का? अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हा सतराव्या शतकातला छोटा ग्रंथ. न्यायशास्त्राचा अभ्यास आजही पुष्कळ ठिकाणी त्याच्यापासूनच सुरू होतो. वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात असं तो सांगतो: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. मी आपल्या सोयीसाठी उलट्या क्रमाने घेतो.

सन्निधी म्हणजे जवळीक. "गाय" हा शब्द सकाळी उच्चारला आणि "आण" हा संध्याकाळी, तर वाक्य होत नाही. योग्यता म्हणजे एकमेकांशी जुळण्याची पात्रता. "विस्तवाने झाडं शिंप" यात व्याकरण बरोबर आहे, शब्द जवळ आहेत, पण विस्तवाने शिंपता येत नाही. आणि आकांक्षा म्हणजे अपेक्षा. "गाय, घोडा, माणूस, हत्ती" असं ओळीने म्हटलं तर शब्द शेजारी शेजारी आहेत, पण एकाला दुसऱ्याची अपेक्षाच नाही. वाक्य उभं राहत नाही.

आता हेच तीन प्रश्न उपकरणाला विचारा. त्याचा प्लग संगणकाच्या खोबणीत बसतो का? ही सन्निधी. दोघांची विद्युत-बोली एक आहे का? ही योग्यता. आणि हे उपकरण आलं तर त्याचं काय करायचं हे ठाऊक असलेलं कुणी संगणकात बसलेलं आहे का? ही आकांक्षा. त्या "कुणी"ला ड्रायव्हर म्हणतात. मी त्याला दुभाष्या म्हणेन.

पहिली पायरी, खोबण. १९८७ साली आयबीएमने पर्सनल सिस्टिम-टू नावाचे संगणक आणले. कीबोर्डचा तो गोल, सहा पिनांचा प्लग त्यांच्याबरोबर आला, म्हणून त्याला पीएस-टू म्हणतात. पुढे कीबोर्डसाठी जांभळा आणि माऊससाठी हिरवा असे रंग रूढ झाले. मॉनिटरची पंधरा पिनांची व्हीजीए जोडणीही त्याच घराण्यातली, त्याच वर्षीची. प्रिंटरची रुंद, पंचवीस पिनांची पॅरलल जोडणी त्याहून जुनी. मग १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेलमध्ये ते काम पुढे नेणारे अजय भट्ट हे मूळचे बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. ज्याला त्याला वेगळी खोबण हा प्रकार थांबावा, हा त्या खटाटोपाचा हेतू होता.

यूएसबीत एक शहाणपण आहे. नवी पिढी आणताना त्यांनी जुन्या पिढीच्या तारा काढून टाकल्या नाहीत. चपट्या यूएसबीत मूळ चार पट्ट्या होत्या. २००८ मध्ये वेगवान तिसरी आवृत्ती आली तेव्हा त्या चार तशाच ठेवून आणखी पाच घातल्या. २०१४ मध्ये टाइप-सी आला, त्यात चोवीस जोड आहेत, पण जुन्या यूएसबीची माहिती नेणाऱ्या तारांसाठी मध्ये जागा राखलेली आहे. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा यूएसबी माऊस टाइप-सी लॅपटॉपला साध्या अडॅप्टरने जोडता येतो. तिथे फक्त आकार बदलायचा असतो, बोली तीच असते.

खोबणीबद्दल एक स्थानिक गोष्ट. आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये मिठागरं. हवेत ओल आणि क्षार. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या प्लगच्या पिनांवर हिरवट किंवा काळसर थर चढतो. प्लग बसलेला दिसतो, पण धातूला धातू टेकलेला नसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पिना पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग वस्तू चालते की नाही ते ठरवा. पुसताना अर्थात वीज बंद.

आता दुसरी पायरी, योग्यता. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून उदाहरण आपल्या रोजच्या लोकलचं घेतो. मुंबईची लोकल १९२५ पासून १५०० व्होल्टच्या एकदिश, म्हणजे डीसी विजेवर धावली. पुढे ती २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर न्यायची ठरली. पश्चिम रेल्वेवर हे रूपांतर २०१२ मध्ये पूर्ण झालं. आता बघा, रूळ तेच, वरची तार त्याच जागी, गाडीचा पँटोग्राफ तारेला टेकतोही आहे. सन्निधी पूर्ण आहे. पण निव्वळ डीसीवर चालणारी गाडी एसी तारेखाली नेऊन चालेल का? नाही. म्हणून त्या संक्रमणाच्या काळात दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या. २००७ पासून आलेल्या त्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल तुम्हाला आठवत असतील.

पीएस-टू कीबोर्डचं नेमकं असंच आहे. बाजारात दोन वस्तू मिळतात. एक म्हणजे आकार बदलणारं छोटं टोपण. त्यात नुसत्या तारा असतात. ते फक्त अशा कीबोर्डला चालतं, ज्याला मुळातच पीएस-टू आणि यूएसबी अशा दोन्ही बोली येतात. म्हणजे दोन विजांची लोकल. दुसरी वस्तू म्हणजे आत चिप असलेला कन्व्हर्टर. तो एका बोलीचं दुसऱ्या बोलीत रूपांतर करतो. जुना, फक्त पीएस-टू जाणणारा कीबोर्ड असेल तर हा दुसराच लागतो. लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या स्टेशनजवळच्या दुकानात मागताना "पीएस-टू टू यूएसबी" एवढंच म्हणू नका, "आत चिप असलेला" असं म्हणा. आणि डेस्कटॉप घेणार असाल तर मागची बाजू आधी बघा. काही नव्या मदरबोर्डांवर तो गोल पोर्ट अजूनही असतो. मात्र पीएस-टूचा प्लग संगणक बंद करूनच लावायचा. चालू असताना काढ-घाल करायची सोय त्यात केलेली नव्हती.

मॉनिटरचंही तसंच. व्हीजीए चढउताराची लहर पाठवते, एचडीएमआय आकडे पाठवते. नव्या लॅपटॉपमधून सोसायटीच्या जुन्या प्रोजेक्टरला जायचं तर "एचडीएमआय ते व्हीजीए" असा, चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तो एकाच दिशेने चालतो. उलट दिशेचा कन्व्हर्टर वेगळा, दिसायला जवळजवळ तसाच, आणि लोक तोच घेऊन येतात. टाइप-सीबद्दल सावध राहा. खोबण टाइप-सी आहे म्हणून तिच्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. काही लॅपटॉपांत ती फक्त चार्जिंग आणि माहितीसाठी असते.

तिसरी पायरी आकांक्षेची, म्हणजे दुभाष्याची. ही दिसत नाही, म्हणून सर्वांत फसवी. स्कॅनर यूएसबीचा आहे, प्लग बसला, दिवा लागला, तरी संगणक म्हणतो, "अनोळखी उपकरण". कारण? त्या स्कॅनरचा ड्रायव्हर ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेला होता. ६४ बिटांचं विंडोज आपल्या गाभ्यात ३२ बिटांचा ड्रायव्हर घेत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांचंच आहे. कंपनीने नवा ड्रायव्हर लिहिला नाही तर काचेखाली सगळं शाबूत असूनही स्कॅनर निरुपयोगी ठरतो. अशा वेळी दोन वाटा असतात. व्ह्यूस्कॅनसारखा स्वतंत्र प्रोग्रॅम, जो अनेक जुन्या स्कॅनरांची बोली स्वतः जाणतो. किंवा लिनक्स. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघता येतं, संगणकात काही बदलावं लागत नाही. त्यात सेन नावाची व्यवस्था आहे, आणि कंपन्यांनी सोडून दिलेल्या कितीतरी स्कॅनरांना ती अजून ओळखते.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. काही उपकरणं तीस वर्षं जगतात आणि काही सात वर्षांत मरतात, असं का? मजबुतीमुळे? नाही.

कीबोर्ड घ्या. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. "अमुक क्रमांकाची कळ दाबली, अमुक सोडली", एवढंच तो सांगतो. तिचा अर्थ काय लावायचा ते संगणक ठरवतो. म्हणून १९९८चा, इंग्रजी अक्षरं छापलेला कीबोर्ड आज मराठी युनिकोड टंकलेखन बिनतक्रार करतो. इन्स्क्रिप्ट मांडणी निवडली की "के"च्या कळेतून "क" उमटतो. कीबोर्डला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही, म्हणूनच त्याचं कुणावाचून अडत नाही. शिवाय यूएसबी कीबोर्ड आणि माऊस यांच्यासाठी एक सामाईक, जाहीर ठराव आहे, आणि प्रत्येक संगणकात त्याचा दुभाष्या आधीपासून असतो. पेन ड्राइव्हचं तसंच.

याच्या उलट, स्वस्तातले काही लेझर प्रिंटर बघा. त्यांची आज्ञाभाषा त्या कंपनीची खासगी असते. कंपनीचा ड्रायव्हर गेला की प्रिंटर गेला. पण त्याच वर्षी घेतलेला, पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रसिद्ध भाषा जाणणारा प्रिंटर सर्वसामान्य ड्रायव्हरवरही छापतो.

नैयायिक म्हणत, शब्द आणि अर्थ यांचं नातं संकेतावर उभं असतं. उपकरणाचं आयुष्यही त्याच्या प्लॅस्टिकवर नसतं, संकेतावर असतं. संकेत सगळ्यांचा असेल तर वस्तू जगते. संकेत एकट्या मालकाचा असेल तर मालकाची मर्जी संपली की वस्तू संपते.

आपल्या भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचा विचार करा. अशा कारखान्यात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्कश आवाज करत अजून छापत असला, तर त्यामागे जुनाटपणा नाही. जीएसटीच्या नियमांत मालाच्या बिलाच्या साधारणपणे तीन प्रती सांगितल्या आहेत: घेणाऱ्याची, वाहतूकदाराची, विकणाऱ्याची. डॉट मॅट्रिक्सच्या सुया कागदावर आपटतात, म्हणून कार्बनखालच्या प्रतीही एका फटक्यात उमटतात. लेझर कागदाला आपटत नाही, त्याला ते जमणार नाही. आणि यातले बहुतेक प्रिंटर, कुठल्याही कंपनीचे असोत, एप्सनची आज्ञाभाषा समजतात. म्हणून यूएसबी-पॅरलल केबल लावून, एप्सनचा मिळताजुळता ड्रायव्हर निवडला की काम होतं. अडतं कुठे, तर डॉसमधल्या जुन्या बिलिंग प्रोग्रॅमपाशी. तो "एलपीटी-वन" नावाच्या दाराशी कागद मागतो, आणि यूएसबी केबलला ते नाव नसतं. प्रिंटर शेअर करून ते नाव त्याला जोडून देता येतं. पण डॉसचा प्रोग्रॅम मुळात ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालतच नाही, त्याला डॉसचा आभास निर्माण करणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. म्हणजे दोष प्रिंटरवर येतो, आणि अडचण असते भलतीकडेच.

आता सर्वांत महत्त्वाचं, कारण इथे फक्त पैशांचा प्रश्न नाही.

एके काळी मराठी हीच संगणकाची एक ॲक्सेसरी होती. डॉसच्या काळात पडद्यावर देवनागरी दिसावी म्हणून संगणकाच्या पोटात जिस्ट कार्ड बसवावं लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. नंतर छपाईची मराठी सॉफ्टवेअरं आली. त्यांतल्या अनेकांना चोरी टाळण्यासाठी "हार्डवेअर लॉक" असे. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसवायचा एक छोटा ठोकळा, त्याला डोंगल म्हणत. डोंगल नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही. दिवाळी अंक, स्मरणिका, कवितासंग्रह, प्रबंध, कुलवृत्तांत असं कितीतरी त्या ठोकळ्याच्या भरवशावर जुळवलं गेलं.

आता नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नाही. यूएसबी-पॅरलल केबल प्रिंटरला चालते, डोंगलला नाही, कारण ती केबल फक्त प्रिंटरशी बोलायला शिकवलेली असते. डेस्कटॉपमध्ये खरा पॅरलल पोर्ट देणारं कार्ड बसवता येतं, पण त्या लॉकचा दुभाष्या नव्या विंडोजसाठी असेलच असं नाही. आणि समजा फाइल मिळाली, तरी आत काय असतं? त्या फाँटांनी मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले. फाँट नसला की ज्ञानेश्वरीवरचा लेखसुद्धा रोमन अक्षरांची रांगोळी दिसतो.

इथेही संकेताचाच न्याय लागू होतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे जाहीर मानक ठरलं, आणि युनिकोडमधल्या देवनागरीची रचना त्याच परंपरेतून आली. इस्कीत साठवलेला मजकूर आजही युनिकोडमध्ये सरळ नेता येतो. खासगी फाँटातल्या मजकुराला मात्र प्रत्येक फाँटाचा वेगळा परिवर्तक शोधावा लागतो, आणि नंतर डोळ्यांनी तपासावं लागतं. विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलट. तिथेच चुका होतात.

म्हणून तुमच्यापैकी ज्यांच्याकडे असा संगणक अजून धुगधुगी धरून आहे त्यांना कळकळीने सांगतो: तो चालू आहे तोवर मजकूर बाहेर काढा. उपकरण वाचवण्याच्या आधी त्याच्यामागे अडकलेलं वाचवा. संगणक उठत नसेल तर आतली हार्ड डिस्क काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडता येते. परिवर्तन जमलं नाही तर निदान पानांची पीडीएफ करून ठेवा, छापील प्रत असेल तर स्कॅन करा.

थोडक्यात क्रम असा. आधी पिना पुसा आणि दुसऱ्या जुन्या संगणकावर वस्तू चालते का ते बघा. मग खोबण बघा. मग विचारा, फक्त आकार बदलायचा आहे की बोली? बोली बदलायची असेल तर चिप हवी. शेवटी ड्रायव्हर शोधा. कंपनीकडे नसेल तर सर्वसामान्य ड्रायव्हर, मग स्वतंत्र प्रोग्रॅम, मग लिनक्स. या सगळ्यात उत्तर "नाही" आलं, तरच "चालत नाही" हे वाक्य खरं. आणि नवीन घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "कंपनीचा ड्रायव्हर न टाकता हे चालतं का?" होकार आला तर ती वस्तू तुमच्यानंतर नातवंडंही वापरतील.

(प्रश्नोत्तरांमधून)

"फ्लॉपीचं काय करायचं?" साडेतीन इंची फ्लॉपीचा यूएसबी ड्राइव्ह मिळतो, आणि नव्या संगणकालाही तो बहुधा ओळखतो. पण आधी फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतली चकती उजेडात बघा. पांढुरके ठिपके असतील तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातलीत तर त्याचं वाचणारं डोकं खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही जातात. चांगल्या आधी वाचून घ्या, बुरशीच्या वेगळ्या ठेवा. सव्वापाच इंची असेल तर घरगुती उपाय नाही, जाणकाराकडे न्या.

"म्हणजे तुमच्या मते काहीच टाकू नये?" तसं नव्हे. जुना काचेच्या नळीचा मॉनिटर खूप वीज खातो, जागा अडवतो. त्याला निरोप द्यावा. मात्र भंगारवाल्याच्या गाडीवर नाही. त्यात शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच तो गेला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की टाकण्याआधी नीट तपासावं. निकाल नंतर द्यावा.